लिथियमवरचा संसार

३ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. तुझ्या कानातल्या यंत्राच्या शिट्ट्या थांबल्या का? परवा फोनवर मी म्हणालो, बॅटऱ्या बदलतोय, तर तू विचारलंस, बदली कुठं झाली. निवृत्त माणसाची बदली होत नाही. तेव्हा आता जहाजावरून लिहायचो तशी पत्रंच लिहितो. तुला ऐकायचा त्रास नको, मला ओरडायचा नको.

मी वसंतात पिकअप ट्रक घेतला, त्याच्या पाठीवर एक छोटं घर बसवलेलं आहे, हे तुला माहीत आहे. ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर पलंग, खाली दोन शेगड्या, बेसिन, एवढासा फ्रिज आणि गॅसवर चालणारा हीटर. हीटरला गॅस लागतो, पण गरम हवा फेकणारा पंखा विजेवर चालतो. आणि वीज म्हटली की बॅटरी आली. इंजिनाची बॅटरी वेगळी, या घराची वेगळी. घराच्या होत्या त्या शिशाच्या, दोन, जुन्या, दगडासारख्या जड. शिशाच्या बॅटरीचं दुखणं असं, की तिच्यात शंभर असतील तर पन्नासच वापरायचे. त्याखाली गेलं की ती आजारी पडते. दिवे आधी पिवळे होतात, मग मिणमिणतात, मग पंखा कण्हायला लागतो. पहाटे तो आवाज ऐकवत नाही.

म्हणून लिथियम. वजन एक तृतीयांश. जवळजवळ सगळं देऊन टाकते आणि शेवटच्या क्षणापर्यंत दिवा एकसारखा. दुकानदार मला माहितीपुस्तिका वाचा म्हणत होता. मी म्हणालो, बाबा रे, तीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. अख्ख्या जहाजाची वीज या हातांखालून गेली आहे. हे बारा व्होल्टचं खेळणं.

पुढच्या पत्रात सगळी जोडणी काढून पाठवतो. हिचं ठीक आहे. तीही उत्साहात आहे.

तुझा बटण्या


१४ ऑक्टोबर

बटण्या,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. चार पानं बॅटरी आणि एक ओळ बायको.

मी चौतीस वर्षं कोर्टात बसून लोकांच्या जबान्या टाईप केल्या. त्यातून एवढंच शिकले, की माणूस ज्यावर लांबण लावतो ते खरं असतं, आणि ज्यावरून घाईघाईनं पुढे जातो ते त्याहून खरं असतं. 'तीही उत्साहात आहे' हे वाक्य तू असं टाकलं आहेस, जसं साक्षीदार 'आणि मग मी घरी गेलो' म्हणतात. आमचे न्यायाधीश अशा वेळी चष्मा काढायचे.

मला विजेतलं कळत नाही. पण पन्नासच्या खाली गेलं की आजारी पडणारी शिशाची बॅटरी मला आमच्या पिढीतली वाटली. सगळं देऊन टाकून शेवटपर्यंत एकसारखी हसत राहणारी जी नवीन आली आहे, ती जाहिरातीतल्या सुनेसारखी वाटते. तिच्यापासून जपून राहा. न कुरकुरणारी माणसं एकदम बंद पडतात.

माहितीपुस्तिका वाच. लहानपणी दिसेल ते बटण दाबायचास म्हणून तुला हे नाव पडलं. रेडिओ उघडलास तेव्हाही 'खेळणं आहे' म्हणाला होतास. त्यानंतर आपले वडील वर्षभर शेजाऱ्यांकडे जाऊन बातम्या ऐकत होते.

आणि एवढी तयारी करून जायचं कुठं आहे, ते लिहायचं राहिलं. निघायची तारीखही दिसली नाही.

ताई


२७ ऑक्टोबर

ताई,

काम फत्ते. जुन्या बॅटऱ्या काढताना कंबर धरली, पण नव्या मी एका हातात एक अशा उचलल्या. शेजारचा रिटायर्ड पोस्टमन कुंपणावरून बघत होता. तोही थक्क झाला.

एक छोटा प्रयोग मात्र करावा लागला. इंजिन चालू असताना त्याचा अल्टरनेटर घराच्या बॅटऱ्यांनाही चार्ज करतो. शिशाची बॅटरी वीज घोट घोट पिते. लिथियम नळालाच तोंड लावते. मी इंजिन चालू करून चहा प्यायला बसलो आणि बॉनेटमधून धूर यायला लागला. अल्टरनेटर जळाला. याला मी बिघाड म्हणणार नाही. आता नवा अल्टरनेटर घातला आहे आणि मधे एक खास चार्जर बसवला आहे, तो मोजूनमापून वीज सोडतो. छपरावर सोलर पॅनल आहेच. बॅटऱ्या जुन्याच जागी, गाडीच्या बाहेरच्या बाजूला जी पेटी आहे तिच्यात ठेवल्या. दुकानदाराचं म्हणणं, लिथियम आत उबेत ठेवा. आत ठेवल्या तर माझे बूट कुठं ठेवू?

भिंतीवर एक छोटा पडदा लावला आहे. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत सारखंच दिसतं, त्यामुळे किती उरलं ते असं मोजावं लागतं. सकाळी डोळे उघडले की पहिला आकडा तोच दिसतो. काल शंभर होता. आज एकोणनव्वद. शंभर बघितला की दिवस चांगला जातो.

मागच्या अंगणातल्या नळावर दाढी करताना आता थोडं गार लागतं, पण मोकळ्या हवेत बरं वाटतं. अंडी उकडायला गॅस पुरतो. ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असते. बोलून दाखवत नाही, पण तिला कौतुक आहे.

जायचं कुठं ते ठरतंय. आधी यंत्रणा, मग प्रवास.

तुझा बटण्या


६ नोव्हेंबर

बटण्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आता मी विचारते आणि तू उत्तर दे.

घरात न्हाणीघर असताना तू अंगणातल्या नळावर दाढी का करतोस? घरात स्वयंपाकघर असताना अंडी गाडीतल्या गॅसवर का उकडतोस? सकाळी डोळे उघडल्यावर पहिला आकडा बॅटरीचा दिसतो, म्हणजे तू झोपतोस कुठं? गाडी जागची हललेली नाही. पहाटे पंखा कण्हतो ते तुला ऐकू येतं, मग तुझ्या बायकोला का येत नाही?

आणि बाईमाणूस खिडकीत उभं राहून नवऱ्याकडे न बोलता बघत असेल, तर त्याला कौतुक म्हणणारा पुरुष मला कोर्टात रोज भेटायचा. बहुतेकदा आरोपीच्या पिंजऱ्यात.

तुम्हा दोघांत कोणी कोणाला बाहेर काढलं ते सरळ लिही. तुझ्या बायकोलाही मी वेगळं पत्र टाकलं आहे. तिच्याकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळलं तर तुला थोडी अब्रू राहील.

ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

तुझ्यापुढे खोटं बोलणं नेहमीच अवघड गेलं. हो, मी गाडीत राहतो. दोन महिने होत आले. पण मला कोणी काढलं नाही. मी आपणहून आलो.

झालं असं. इकडचा उन्हाळा संपताना, सप्टेंबरात, मी हिला म्हणालो, आता सहा महिने फिरायला जाऊ. इतकी वर्षं मी एकटा जग बघत होतो, आता तुला दाखवतो. नकाशे काढले होते, थांबायच्या जागा ठरवल्या होत्या, तिच्या बाजूला वाचायला वेगळा दिवासुद्धा लावला होता. ती म्हणाली, 'मला सुट्टी नाही.'

सुट्टी, ताई. एका नर्सरीत झाडांना पाणी घालायच्या कामातून सुट्टी नाही. मी हसलो. ते तिला लागलं. मग शब्दाला शब्द लागला. रागात मीही काहीबाही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. उशी घेतली आणि गाडीत येऊन झोपलो. वाटलं होतं, एका रात्रीचा प्रश्न आहे. सकाळी ही येईल, चला म्हणेल. ती आली नाही. मग दुसऱ्या दिवशी आपण कसं जायचं?

सुरुवातीला स्वयंपाकघरातल्या प्लगमधून एक लांब वायर गाडीपर्यंत ओढली होती. एका सकाळी बघतो तर प्लग काढलेला, वायरची व्यवस्थित गुंडाळी करून मागच्या पायरीवर ठेवलेली. एक शब्द नाही, चिठ्ठी नाही. जे समजायचं ते मी समजलो. त्या दिवशी ठरवलं, यापुढे या घरातली वीज घ्यायची नाही. म्हणून लिथियम. आता मी कोणाच्या उपकारात नाही. सूर्य माझा, बॅटरी माझी.

तू तिची बाजू घेणार हे मला माहीत आहे. लहानपणापासून तू माझ्याविरुद्धच निकाल देत आलीस.

बटण्या


२५ नोव्हेंबर

ताईंना सप्रेम नमस्कार,

तुमची दोन्ही पत्रं वाचून बरं वाटलं. इतके दिवस कोणाला सांगावं कळत नव्हतं. मुलीला कळवलं असतं तर ती काम टाकून धावत आली असती, आणि आल्यावर आम्हा दोघांनाही ओरडली असती.

तुम्ही विचारलंत, यांना बाहेर काढलंस का. नाही हो. मागच्या दाराला मी कडीसुद्धा लावत नाही. पहिले दोन दिवस तर मला वाटलं, हे गाडीत काहीतरी दुरुस्त करताहेत. तिसऱ्या दिवशी नळावर दात घासताना दिसले, तेव्हा लक्षात आलं की हा रुसवा आहे.

'काहीबाही बोललो' असं तुम्हाला लिहिलं असेल. काय बोलले ते मी सांगते. म्हणाले, 'हे घर माझ्या पगारावर उभं आहे. तू कसल्या सुट्टीच्या गमज्या करतेस?' मी म्हणाले, 'उभं तुमच्या पगारावर असेल. पडू दिलं नाही ते मी.' त्यावर हे उशी घेऊन गेले. ती उशीही माझीच.

मुलगी शिकायला बाहेर गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा मी त्या नर्सरीत जायला लागले. सुरुवातीला खरंच पाणीच घालत होते. आता कलमं करायचं सगळं काम माझ्याकडे आहे. हिवाळ्यात काचघरात रोपं जगवायची असतात, तेव्हा तर एक दिवस सोडता येत नाही. चार मुली माझ्या हाताखाली शिकतात. हे घरी आले ते नकाशे घेऊनच. मी कुठं जाते, काय करते, हे एकदाही विचारलं नाही. निवृत्त हे झाले, ताई. मी नाही झाले.

आता प्लगचं. तुमच्या दुसऱ्या पत्रात ते वाचून मी खुर्चीत बसले. मला त्या दिवशी कपड्यांना इस्त्री करायची होती. तो एकच प्लग इस्त्रीला चालतो, म्हणून यांची वायर काढली. पायात येत होती म्हणून गुंडाळून पायरीवर ठेवली. नंतर कामाच्या घाईत विसरले. वाटलं, लागली की मागतील. एवढं महाभारत होईल अशी कल्पना असती तर चुरगळलेले कपडे घालून गेले असते.

हे त्यांना सांगू नका. इतक्या हौसेनं बॅटऱ्या बसवल्या आहेत, निदान त्यामागचं कारण तरी मोठं राहू दे.

एक मात्र आहे. अंधार पडल्यावर स्वयंपाकघरातून गाडीतला दिवा दिसतो. जहाजावर असताना तेवढंही दिसायचं नाही. त्यामुळे राग असला तरी माझी झोप चांगली लागते.

आपली भावजय


२ डिसेंबर

बटण्या,

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तू गाळलेलं वाक्य तिनं लिहून पाठवलं आहे. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणालास ते खरंच होतं. बोलण्यासारखंही नव्हतं.

तू वर्षातून दोनदा घरी यायचास. पेटी भरून वस्तू आणायचास. पोरगी दारात उभी, बायकोनं नवी चादर घातलेली, जे म्हणशील ते ताटात. पंधरा दिवसांनी कंटाळा यायच्या आत तू परत जहाजावर. तो पाहुणचार होता, बटण्या. तू त्याला संसार समजलास. आता पाहुणा कायमचा राहायला आला आणि चादर रोज नवी नाही म्हणून रुसून अंगणात जाऊन बसला.

आत जा. जाताना भाषण तयार करू नकोस, तुला भाषण जमत नाही. फक्त आत जा आणि ती नर्सरीत काय करते ते विचार. विचारून झाल्यावर गप्प बसून ऐक. हे बारा व्होल्टपेक्षा अवघड आहे, मला कल्पना आहे.

तुमच्याकडे थंडी वाढते आहे असं इथल्या पेपरात आलं आहे. तुझ्या वयाचे लोक डब्यात राहत नाहीत.

ताई


११ डिसेंबर

(पोस्टकार्ड)

ताई, पत्र पोचलं. तू लिहिलंस त्यातलं थोडं बरोबर आहे, बाकीचं नंतर बोलू. आत जाणार नाही असं नाही, पण आत्ता गेलो तर थंडीला घाबरून आला असं होईल. थंडी ओसरली की जातो. इकडे सगळं उत्तम. बॅटरी अडतीस टक्के. गेले काही दिवस चार्ज घेत नाही, ऊन कमी असेल. काळजी नसावी. बटण्या


१९ डिसेंबर

ताई,

घाबरू नका. हे घरात आहेत, ताप उतरला आहे, आत्ता शेजारच्या खोलीत झोपलेत. सगळं नीट झाल्यावरच लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात इथं कडाक्याची थंडी पडली. नळातलं पाणी गोठलं. त्या सकाळी कामाला निघताना मी रोजच्यासारखं गाडीकडे बघितलं, तर खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फ धरलेलं. दिवा नव्हता. हाक मारली. आतून आवाज आला, 'सगळं ठीक आहे.' पण दात असे वाजत होते की 'ठीक' तीन वेळा ऐकू आलं.

मी दार उघडलं. हे बाकावर बसलेले. अंगात जहाजावरचं जुनं जाकीट, डोक्यावर दोन टोप्या एकावर एक, डोळे लाल. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी विचारलं, 'रजई कुठाय?' त्यांनी बोटानं बाहेर दाखवलं.

बाहेर जाऊन पेटी उघडली. ताई, दोन्ही बॅटऱ्या रजईत गुंडाळून ठेवल्या होत्या. आणि दोघींच्या मधे माझी गरम पाण्याची पिशवी.

नंतर कळलं ते असं. ही लिथियम गोठणबिंदूखाली गेली की वीज द्यायला देते, पण घ्यायला तयार नसते. तिच्या पोटातच एक रखवालदार असतो, तो चार्जिंग बंद करतो, नाहीतर बॅटरी कायमची खराब होते. म्हणून ती आत उबेत ठेवायची. पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय. हे रोज हीटरचा पंखा चालवत होते, वीज जात होती, येत काहीच नव्हती. मग एका क्षणी सगळं बंद. मिणमिणणं नाही, कण्हणं नाही. शिशाची बॅटरी निदान मरताना सांगून तरी मरायची. पंखा थांबला, उष्णता थांबली. आणि यांनी स्वतःची रजई काढून बॅटऱ्यांना दिली, की त्या तापल्या म्हणजे ऊन आल्यावर चार्ज घेतील. पन्नास पावलांवर माझं घर, दाराला कडी नाही, आत हीटर चालू.

मी पायरीवर बसून हसले. कितीतरी दिवसांनी इतकी हसले. शेजारचे पोस्टमनकाका बाहेर येऊन बघून गेले. आणि मग मला इतका राग आला की ती रजई मी ओढूनच काढली.

यांना धरून आत आणलं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, छाती भरली आहे, आणखी एक रात्र काढली असती तर घरी ठेवता आलं नसतं. मी नर्सरीत निरोप पाठवला. माझ्या हाताखालच्या मुलींनी काचघर सांभाळलं. त्या मुलींना मी तयार केलंय, त्याचा त्या दिवशी मलाच उपयोग झाला.

ताप उतरला त्या दुपारी हे म्हणाले, 'पगाराचं बोललो ते चुकलं.'

मी विचारलं, 'बोललात ते चुकलं, की वाटतं तेच चुकलं?'

हे छताकडे बघायला लागले. मग म्हणाले, 'मला तसं वाटायचं खरं. जहाजावर धरायला दुसरं होतं काय? पगार दर महिन्याला घरी जातोय, म्हणजे मी घरात आहे, असं वाटायचं.'

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला एवढं सरळ कधी काही सांगितलं नव्हतं. त्यासाठी एकशेतीन ताप लागला. मी रडले नाही. त्यांच्यासमोर तरी नाही.

मग मीही प्लगचं खरं कारण सांगून टाकलं. ते ऐकून यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं, ते संध्याकाळपर्यंत काढलं नाही.

आपली भावजय


२८ डिसेंबर

बटण्या,

बॅटरीला रजई आणि बायकोला रुसवा. ही वाटणी तुझ्याखेरीज कोणाला सुचली नसती. आमच्या कोर्टात खुळेपणाचं वेगळं कलम नव्हतं, नाहीतर मी फुकट टाईप करून दिलं असतं.

तुझ्या बायकोचं पत्र आलं तेव्हा मी पाकीट फोडायला घाबरले होते. माझ्याआधी तू गेलेलं मला चालणार नाही. हे एकदाच लिहिते आहे, पुन्हा लिहिणार नाही.

औषधं वेळेवर घे. पुस्तिका वाच. उठून बसता यायला लागलं की मला स्वतःच्या हातानं लिही, आणि त्यात टक्केवारी नको.

ताई


२४ जानेवारी

ताई,

आता पूर्ण बरा आहे. पुस्तिका वाचली. म्हणजे, हिनं वाचून दाखवली, उशाशी बसून, पहिल्या पानापासून, आणि प्रत्येक सूचनेनंतर थांबून माझ्याकडे बघत. बॅटऱ्या आता गाडीच्या आत आहेत, बाकाखाली. बूट बाहेर गेले.

नर्सरीत काय करतेस, हे मी तुझ्या सांगण्याप्रमाणे विचारलं. तिनं कलम करताना एका फांदीवर दुसरीचा डोळा कसा बसवतात ते सांगितलं. मी मधे एकदाच बोललो, तेही चुकलं.

गेल्या शुक्रवारी ती म्हणाली, 'उद्या अर्धा दिवस आणि रविवार मोकळा आहे. गाडी काढा.' मी नकाशा आणायला उठलो तर म्हणाली, 'नकाशा नको. मी सांगते तिकडे न्या. तुम्ही कुठं कुठं होतात ते मी तीस वर्षं ऐकलं. मी कुठं होते ते आता बघा.'

ताई, अख्ख्या सहलीत आम्ही शहराच्या बाहेर पडलो नाही.

आधी मुलीच्या शाळेचं मागचं फाटक. पुढच्या फाटकावर इतर मुलांचे वडील यायचे, पोरगी तिकडे बघून हिरमुसायची, म्हणून ही तिला मागून आत सोडायची. मग एक दवाखाना. बाहेरच्या बाजूनं लोखंडी जिना आहे, उंच पायऱ्यांचा. पोरीला तापात फिट आली तेव्हा ही तिला उचलून तो चढली होती. मी म्हणालो, मला कधी कळवलं नाहीस. ती म्हणाली, 'कळवलं असतं तर तिथे बसून तुम्ही काय केलं असतं?' मग एक नळांच्या सामानाचं दुकान. छतावरची टाकी फुटली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यानं तिला पाइप जोडायला शिकवलं. तो अजून आहे. त्यानं तिला ओळखलं, मला नाही.

शेवटी बंदराच्या रस्त्याला एका चकचकीत मोबाइलच्या दुकानासमोर थांबायला लावलं. मला काहीच आठवेना. ती म्हणाली, इथं तुमच्या कंपनीचं ऑफिस होतं. आमचं जहाज वादळात सापडून त्याचा संपर्क तुटला होता, तेव्हा जहाजावरच्या इतरांच्या बायकांबरोबर तीही इथल्या बाकावर बसून होती. रात्री घरी जायची, पोरीला झोपवायची, सकाळी परत यायची. जहाज सुखरूप असल्याचं कळलं तेव्हा कारकुनानं सगळ्यांना चहा दिला, तो न पिताच ती पोरीकडे घरी धावली.

मला ते वादळ चांगलं आठवतं. वीज गेली होती, आम्ही हातात टॉर्च घेऊन इंजिनरूममध्ये कमरेएवढ्या पाण्यात होतो. पुढच्या बंदरातून मी हिला लिहिलं होतं, हवा छान आहे, समुद्र शांत आहे. ती घाबरू नये म्हणून. तिनं ते पत्र वाचलं आणि उलट टपाली लिहिलं, इकडेही सगळं छान आहे, काही विशेष नाही. मी घाबरू नये म्हणून.

आम्ही दोघं त्या मोबाइलच्या दुकानासमोर गाडीत बराच वेळ बसलो. दुकानातला पोरगा बाहेर येऊन म्हणाला, इथं गाडी लावता येत नाही.

मुक्काम तळ्याकाठी केला, घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. हीटर चालला, दिवे एकसारखे जळले. तिनं तिच्या बाजूचा दिवा लावून पुस्तक वाचलं आणि दिवा तसाच ठेवून झोपली. मी बंद केला नाही. पडद्यावर किती टक्के होते ते मी पाहिलं, पण तुला लिहीत नाही.

रविवारभर तिथेच होतो. सोमवारी तळ्यावरून थेट तिला कामावर सोडलं. नर्सरीचं फाटक मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. ती आत गेली, काचघराचं दार उघडलं, चार पोरी तिच्याभोवती जमल्या आणि ती त्यांना काहीतरी दाखवायला लागली. मी गाडीला टेकून बघत उभा राहिलो. जाण्यासारखं कुठं नव्हतंच.

तेवढ्यात मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक आहे. म्हणाल्या, 'आपल्याला काय हवंय? कोण आपण?'

मी काचघराकडे हात केला आणि सांगितलं, 'त्यांचा नवरा. नुकताच आलोय.'

बटण्या